प्रवासी द्वारका वालूरकर

शैलाबाई वालूरकरांना शैला म्हणून हाक मारणारं जगात कोणीच नव्हतं. नवरा ‘अगं’ म्हणायचा, मुलगा आणि सून ‘आई’ म्हणायचे, गारखेड्याच्या त्या अपार्टमेंटमधले शेजारी ‘वालूरकर काकू’ म्हणायचे. शैला हे नाव होतं ते कागदांपुरतं. आधार कार्डावर होतं, मतदानाच्या कार्डावर होतं, बँकेच्या पासबुकावर आणि गॅसच्या पुस्तकावर होतं. कागदांचं त्यावर भागत होतं आणि माणसांना त्याची कधी गरज पडली नाही.

नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची आई. नव्वदीला टेकलेली, हैदराबादला काचीगुड्यात धाकट्या मुलाकडं, मुकुंदाकडं राहणारी. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘द्वारके, जेवलीस का गं?’’ सत्तरीला आलेल्या शैलाबाई मग फोन घेऊन बाल्कनीत जायच्या आणि शाळेतून घरी आलेल्या पोरीसारखं सगळं सांगत बसायच्या.

आता ही द्वारका कोण, ते सांगायला हवं. त्यासाठी त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जावं लागेल. सलग दुष्काळाचं ते वर्ष. माणसं सुकडी खाऊन रस्त्यावर खडी फोडत होती, विहिरींचे तळ दिसत होते, आणि तरीही लग्नं व्हायची ती होतच होती. जालन्याची द्वारका, मॅट्रिक पास, गणितात हुशार, औरंगाबादच्या श्रीनिवास वालूरकरांना दिली. मुलगा कोर्टात कारकून, घरी सासू एकटीच. स्थळ चांगलं होतं, अडचण एकच निघाली. सासूचं नावही द्वारकाच होतं.

एका घरात दोन द्वारका कशा चालतील? सुनेला रागावून हाक मारली आणि सासूनं ओ दिली तर? मांडवात सगळे पोट धरून हसले. तसंही नवरीचं नाव बदलायचंच असतं, मग एवढं सबळ कारण हाताशी असताना कोण सोडणार? ताटात तांदूळ पसरले, श्रीनिवासरावांनी अंगठीनं त्यावर ‘शैला’ अशी अक्षरं काढली, वाचून दाखवली, पेढे वाटले. शैलाच का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दुष्काळाचे दिवस, तांदूळ वाया कोण घालवणार? ताट पुन्हा पातेल्यात रिकामं झालं आणि संध्याकाळच्या पंगतीला त्याचाच भात शिजला. नवं नाव असं वरणात कालवून वऱ्हाडाच्या पोटात गेलं. जुन्याचं काय झालं, याची चौकशी कोणी केली नाही. एकटी तिची आई निघताना कानाशी लागून म्हणाली, ‘‘तिकडं तू शैला. माझ्याकडं द्वारकाच हं.’’

आईनं शब्द पाळला, आणि त्याचा त्रास लेकीला झाला. पत्रं यायची ती ‘सौ. द्वारका वालूरकर’ या नावानं. पोस्टमन ती थोरल्या द्वारकाबाईंच्या हातात ठेवायचा, आणि त्या हक्कानं फोडून वाचायच्या. नाव त्यांचंच, पत्ता त्यांचाच, बोलायची सोय नाही. जालन्याहून पत्र आलं की आईनं काय लिहिलंय हे सुनेला सासूच्या तोंडून कळायचं, तेही स्वयंपाक उरकल्यावर. पुढं आईनं पाकिटावर शैला लिहायला सुरुवात केली. आत मात्र पहिल्या ओळीत द्वारकाच असायची.

मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरही द्वारकाच होती. लग्नानंतर तीनेक वर्षांनी टेलिफोन खात्यात जागा निघाल्या. शेजारची मुलगी लागली म्हणून हिनंही अर्ज केला, लेखी परीक्षा दिली आणि पास झाली. मुलाखतीच्या बोलावण्यात लिहिलं होतं, नावात बदल असल्यास दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणावं. आता गंमत अशी, की हा रोजचा धंदाच होता श्रीनिवासरावांचा. कोर्टात बसून त्यांनी अख्ख्या जिल्ह्याची ‘ऊर्फ’ची भानगड निस्तरली होती. कोणाचा कचरू ऊर्फ काशीनाथ, कोणाची भामाबाई ऊर्फ सत्यभामा. बायकोला म्हणाले, ‘‘करू की. आपल्याच हातातलं आहे, काय घाई आहे?’’ आपल्याच हातातलं होतं म्हणून ते राहून गेलं. मुलाखतीची तारीख गेली, नोकरी गेली. ते आपल्याला मुद्दाम अडवत होते असं तिला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

थोरल्या द्वारकाबाई सत्त्याण्णव साली वारल्या. तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर ताटं घासताना सुनेच्या मनात आलं, की आता नाव मोकळं झालं. तिला स्वतःची लाज वाटली, पण विचार काही गेला नाही. पुढं नवऱ्याला एकदा चाचपून बघितलं, ‘‘आता मला द्वारका म्हटलं तर चालेल, नाही?’’ त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. ‘‘आईचं नाव आहे ते,’’ म्हणाले. भिंतीवर हार घातलेला फोटो लागला, त्याखाली ‘कै. द्वारकाबाई वालूरकर’. विषय संपला.

तर अशी ही द्वारका, आणि अशा या शैलाबाई. आपण त्यांना शैलाबाईच म्हणू, सरकारदरबारी तेच आहे.

दोन हजार चोवीसचा मे महिना. आदल्या वर्षी पाऊस रुसलेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही, अपार्टमेंटच्या हौदात रोज टँकर. अशात एका संध्याकाळी मुकुंदाचा फोन आला. आईनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. ‘‘ताई, सारखी तुझं नाव घेतीय,’’ मुकुंदा म्हणाला. ‘‘मी समोर बसलोय तर माझ्याकडं बघत नाही. द्वारका आली का, एवढंच. रेल्वेला सुट्टीची गर्दी, जागा मिळायची नाही. उद्या दुपारचं विमान आहे, मी तिकीट काढतो.’’

तिकीट श्रीनिवासरावांच्या फोनवर आलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणलं. विमानाची वेळ वाचली, सामानाचं वजन वाचलं, मागच्या बाजूच्या अटीसुद्धा वाचल्या. प्रवाशाचं नाव तेवढं वाचलं नाही. आपल्याच बायकोचं नाव काय वाचायचं?

ते शैलाबाईंनी वाचलं. चष्मा लावून, इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून. मिसेस द्वारका वालूरकर. बहीण म्हणजे द्वारका, आडनाव वालूरकर, मुकुंदानं सरळ टाकून दिलं होतं. त्याच्या तोंडी दुसरं नाव होतंच कुठं? त्या नावाखाली तारीख होती, बसायची जागा होती, खिडकीजवळची. शैलाबाईंना धडकी भरायला हवी होती. चौथी शिकलेल्या बाईलाही कळलं असतं, की कार्डावर एक आणि तिकिटावर दुसरं नाव आहे. यांना कळलं नाही. कारण यांच्या लेखी चूक तिकिटात नव्हतीच. पन्नास वर्षं चुकीचे कागद बघितल्यावर पहिल्यांदा एक बरोबर कागद हातात आला होता. त्यांनी तो घडी न मोडता पर्समध्ये ठेवला. शेजारी आधार कार्ड ठेवलं, अस्सल, झेरॉक्स नाही, कारण नवऱ्यानं तसं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा रिक्षावाला साहेबराव आला. मूळचा चिकलठाण्याचा, तोंडानं फटकळ, पण काकूंची पिशवी स्वतः उचलणारा. जालना रोडला लागल्यावर टँकरांची रांग आडवी आली.

‘‘बघा काकू,’’ तो म्हणाला, ‘‘इमानतळ झालं, मोठमोठ्या बिल्डिंगा झाल्या, अन् प्यायला पाणी नाय. माह्या आज्याचं रान होतं इथं कुठं तरी. आता मला आत जायचं म्हनलं तर शिपाई कारड मागतो.’’

‘‘तुमच्याकडं कार्ड नाही का?’’ शैलाबाईंनी विचारलं.

‘‘कारड हाय. तिकीट नाय,’’ साहेबराव म्हणाला. त्यांना हसू आलं. त्या दिवशी त्यांना कशाचंही हसू येत होतं. आई आजारी होती आणि तरीही आतून बरं वाटत होतं, आणि त्याबद्दल मनातल्या मनात त्या देवाची माफी मागत होत्या.

रस्त्यावरच्या पाट्यांवर शहराचं नवं नाव होतं. जुनं कुठं कुठं अजून पुसायचं राहिलं होतं. शहराचं नाव बदललं तेव्हा केवढा व्याप झाला. कागद दिल्लीला गेले, राजपत्र निघालं, हरकती मागवल्या, लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे अर्ज दिले, प्रकरण कोर्टात गेलं. अजूनही अर्धं गाव एक नाव घेतं आणि अर्धं दुसरं, आणि कोणतंही म्हटलं तरी बस गावात येतेच. शैलाबाईंच्या वेळी हरकती मागवल्या नव्हत्या. एक ताटभर तांदूळ पुरले होते.

विमानतळाच्या दारावर जवान उभा होता. तरुण, उत्तरेकडचा, बोलायला अदबीचा. त्यानं तिकीट घेतलं, कार्ड घेतलं, दोन्ही शेजारी शेजारी धरली.

‘‘माताजी, आपका नाम?’’

‘‘द्वारका,’’ त्या म्हणाल्या. परक्या माणसासमोर हे नाव त्यांच्या तोंडून अर्ध्या शतकात निघालं नव्हतं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सोडायला येऊन मागं उभे असलेले श्रीनिवासराव दचकले.

‘‘कार्ड पे तो शैला लिखा है.’’

‘‘ते सासरचं आहे. बदललेलं.’’

जवानानं कार्डावरचा फोटो बघितला, त्यांचा चेहरा बघितला. चेहरा जुळत होता, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण नाव जुळल्याशिवाय आत सोडता येत नाही, विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन विचारा, असं त्यानं समजावून सांगितलं. पाठीमागची रांग बाजूनं पुढं सरकली.

खिडकीवर एक मुलगी होती. छातीवर नावाची पट्टी, तनुजा. इथलीच असावी. तिनं सगळं ऐकून घेतलं, चेहऱ्यावर त्रासिकपणा न आणता.

‘‘काकू, दोन्ही नावं असलेलं काही आहे का? प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, काहीही?’’

लग्नाची नोंद कोणी केली होती तेव्हा! शैलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. उभ्या जिल्ह्याच्या ‘ऊर्फ’चा कारभार केलेला माणूस खिशातला रुमाल काढून मान पुसत होता.

‘‘नाही,’’ ते म्हणाले.

‘‘दुसरं तिकीट?’’ शैलाबाईंनी विचारलं.

‘‘आजचं विमान भरलंय, काकू. एकही जागा नाही. उद्याचं मिळेल.’’

‘‘माझी आई शेवटच्या घटका मोजतीय,’’ शैलाबाई म्हणाल्या. ‘‘उद्याचं तिला कोण सांगणार?’’

मुलीनं फोन उचलला, वरच्या साहेबांशी हळू आवाजात बोलली, आणि फोनवर हात ठेवून श्रीनिवासरावांकडं वळली. ‘‘काका, साहेब म्हणतात, माणूस तोच असेल आणि नाव फक्त माहेरचं-सासरचं असेल, तर घरच्या माणसानं लेखी दिल्यावर ते बघतील. खात्री नाही, पण प्रयत्न करतात. तुम्ही यांचे मिस्टर ना? तुम्ही सांगा. द्वारका वालूरकर म्हणजे ह्याच ना?’’

एवढंच विचारलं होतं. हो म्हणायचं होतं. चार ओळी लिहून सही ठोकायची होती, आणि तसल्या ओळी त्यांना झोपेतही लिहिता आल्या असत्या. पण श्रीनिवासराव खोट्याला भिणारे. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा जन्माचा बाणा. आपलं खरं कोणाच्या छातीवर पाय देऊन उभं आहे, हे मात्र त्यांनी खाली वाकून कधी बघितलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

‘‘द्वारका वालूरकर ही माझी आई,’’ ते म्हणाले. ‘‘ती सत्त्याण्णव साली वारली.’’

मुलीचा फोनवरचा हात नकळत निघाला. ती एकदा यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली.

‘‘म्हणजे तिकीट वारलेल्या बाईंच्या नावावर आहे?’’

‘‘अहो, मी आहे द्वारका,’’ शैलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. ‘‘माझ्या भावानं काढलंय. मी जन्मापासून द्वारका आहे.’’

‘‘तू शैला आहेस,’’ श्रीनिवासराव चारचौघांत समजूत घालावी तसे म्हणाले. ‘‘कार्डावर बघ ना.’’

फोनच्या पलीकडं साहेबांनी हे ऐकलं असावं. मुलीनं दोनदा ‘हो सर’ म्हटलं आणि फोन ठेवला. मेलेल्या माणसाचं तिकीट म्हटल्यावर आता कोणी हात घालणार नव्हतं. ‘‘सॉरी काकू,’’ ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं. श्रीनिवासरावांनी दुसऱ्या दिवसाचं तिकीट तिथंच काढलं. नाव त्यांनी स्वतः सांगितलं, छापून आल्यावर दोनदा तपासलं. या वेळी वाचलं.

बाहेर सिमेंटच्या बाकावर शैलाबाई बसल्या. नवऱ्यावर ओरडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ओरडायची सवय नव्हती आणि इतक्या वर्षांचं एकदम कुठून काढायचं हेही कळेना. ‘‘तुम्ही हो म्हणायचं होतं,’’ त्या एवढंच म्हणाल्या.

‘‘आईचं नाव घेऊन खोटी सही कशी करू?’’

‘‘माझंच नाव होतं ते.’’

श्रीनिवासरावांना मुद्दाच कळला नव्हता, आणि हे शैलाबाईंना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. राग तिथं जळून संपला आणि खाली नुसती कडू राख राहिली.

मुकुंदाला फोन लावला. तो आधी चिडला, मग रडवेला झाला. ‘‘ताई, मी आईला सांगून बसलो गं, की तू विमानात बसलीस. तेव्हापासून शांत पडलीय. थांब, कानाशी फोन धरतो. तूच बोल.’’

श्वासांची घरघर ऐकू आली.

‘‘आई, मी बोलतीय. द्वारका.’’

मग अगदी बारीक, पण स्वच्छ आवाज आला. ‘‘द्वारका विमानात बसलीय. विमानात फोन चालत नसतो.’’ पुन्हा घरघर. ‘‘तुम्ही कोण?’’

शैलाबाईंच्या हातात आधार कार्ड होतं. ते इथं उपयोगाचं नव्हतं आणि दुसरं काही दाखवायला त्यांच्याकडं नव्हतं. ‘‘आई, ऐक ना,’’ त्या म्हणाल्या. पण तिकडं फोन उशीवर घसरला होता.

दुपारचं विमान वर उठलं तेव्हा साहेबराव रिक्षाला टेकून उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. पिशवी उचलून ठेवली, आणि निम्मा रस्ता गेल्यावर स्वतःशीच बोलावं तसा बोलला. ‘‘माह्या मायचं नाव कडुबाई. कारडावर कौसाबाई. बापाला इचारलं तर म्हनायचा, मला काय म्हाईत, मी कधी हाक मारली नाय.’’ श्रीनिवासराव बाहेर बघत होते.

आई पहाटे गेली. मुकुंदा म्हणाला, शेवटपर्यंत दाराकडं बघत होती. तिला काही दुखत नव्हतं, फक्त विमानाला एवढा उशीर का झाला, ते विचारत होती.

शैलाबाई दुपारी पुन्हा त्याच दारावर गेल्या. एकट्या. नवऱ्याला त्यांनी रिक्षातच बसवून ठेवलं होतं, आणि ते बसले होते. कालचाच जवान होता. त्यानं ओळखलं, नियमाप्रमाणं तिकीट घेतलं, कार्ड घेतलं.

‘‘नाम, माताजी?’’

‘‘शैला श्रीनिवास वालूरकर,’’ त्या म्हणाल्या.

त्यानं अक्षरावर अक्षर ताडून बघितलं आणि कागद परत दिले. ‘‘आज सब ठीक है,’’ तो हसून म्हणाला, आणि त्यांना वाट करून दिली. ठीक होतंच. द्वारका म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. ओळख पटवायला कोणाचीच हरकत नव्हती.